मोटारीचा दिवा कोणासाठीं ?

आजच्या विद्यार्थ्यांस ज्या विषयांवर तासन् तास वाद घालणें आवडतें, त्यांत मोटारगाड्यांचा विषय बराच वरच्या पायरीवर आहे. आणि त्यांतही मौज अशी कीं, हा वाद गाडीच्या यंत्राविषयीं किंवा वेगाविषयीं जितका होतो, तितकाच तिच्या दिव्यांच्या आकाराविषयीं होतो. पोर्श गाडीनें आपले वाटोळे दिवे कधींच सोडावयास नको होते, असें एकजण म्हणतो, बेंटलीनें दोन दिव्यांच्या जागीं एकच दिवा बसविला हें वाईट झालें, असें दुसरा म्हणतो, तर बी. एम्. डब्ल्यू.च्या दुभागलेल्या दिव्यांतच खरें नावीन्य आहे, असें तिसरा छातीठोकपणें सांगतो. यांपैकीं बहुतेक गाड्या वाद घालणारांनीं केवळ चित्रांत पाहिलेल्या असतात. घरचीं वडील माणसें हा सारा प्रकार पोरकट समजून हंसण्यावारी नेतात.

मला तो पोरकट वाटत नाहीं. जिचें रूप आणि जिचें काम हीं एकमेकांत इतकीं गुंतलेलीं आहेत, अशी वस्तु विचारास फार चांगली. दिवा हा गाडीचा दागिना आहे आणि तोच तिचा डोळाही आहे. मात्र या वादांत एक पक्ष नेहमींच गैरहजर असतो. गाडी विकत घेणाऱ्यास दिवा कसा दिसतो, याची चर्चा सर्व करितात. त्या दिव्यासमोर ज्याला यावें लागतें, किंवा त्या दिव्यामागून ज्याला जावें लागतें, त्याचें मत कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या तिसऱ्या माणसाची बाजू मांडावयाची आहे.

प्रथम हा प्रश्न घेऊं कीं, दिव्यांवरून एवढा वाद व्हावाच कां ? दारांवरून किंवा आरशांवरून तो होत नाहीं. याचें कारण असें कीं, गाडीकडे समोरून पाहणाऱ्या माणसास तिच्या ठिकाणीं चेहरा दिसतो. दोन दिवे म्हणजे डोळे, आणि त्यांमधील जाळी म्हणजे तोंड. व्हिएन्ना विद्यापीठांतील संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत लोकांस गाड्यांचे समोरचे भाग दाखविले, तेव्हां गाडीच्या तोंडावळ्यावरून वय, राग, दरारा इत्यादि गुण लोक बऱ्याच एकमतानें सांगूं शकतात, असें आढळून आलें. आणि दरारा दाखविणारे चेहरेच लोकांस अधिक आवडले. हें मर्म कारखानदारही जाणून आहेत. गेल्या कांहीं दशकांत महागड्या वेगवान गाड्यांचे दिवे अरुंद, तिरपे आणि भुंवया आवळलेल्या डोळ्यांसारखे कां होत गेले, याचा उलगडा यावरून बराचसा होतो.

परंतु दिवे नेहमींच मनास येईल त्या आकाराचे नव्हते. अमेरिकेंत १९४० सालापासून मोटारींस सात इंच व्यासाचे, कांच व परावर्तक एकत्र सांधलेले, वाटोळे दिवे लावावे लागत. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चार लहान दिव्यांची, आणि १९७५ च्या सुमारास चौकोनी दिव्यांची परवानगी मिळाली. तथापि प्रत्येक कारखान्यानें आपल्या पसंतीचा आकार द्यावा, ही मोकळीक १९८३ सालापर्यंत तेथें नव्हती. या नियमाचा फायदा उघड होता. श्रीमंताच्या गाडीचा दिवा आणि सामान्य माणसाच्या गाडीचा दिवा एकच. तो फुटला तर लहानशा गांवच्या दुकानांतही थोड्या पैशांत नवा मिळे. तोटाही तितकाच उघड होता. युरोपांत १९६० नंतर हॅलोजनचे अधिक प्रखर दिवे प्रचारांत आले, तरी अमेरिकेंतील वाहनांस ते मिळण्यास कित्येक वर्षें लागलीं. नियमानें समानता आणिली, पण तिच्याबरोबर सुधारणेचें दारही लावून घेतलें.

या नियमांचा तडाखा ज्या देखण्या गाड्यांस बसला, त्यांत इंग्लंडांतील जॅग्वार कारखान्याची ई-टाइप ही प्रमुख होय. १९६१ सालीं ती निघाली तेव्हां तिचे दिवे लांब, निमुळत्या नाकाच्या आंत बसविलेले असून त्यांवर पारदर्शक आवरण होतें. आणि तें आवरण गाडीच्या अंगाच्या वळणाशीं असें मिळून जाई कीं, अंग कोठें संपलें व दिवा कोठें सुरू झाला हें कळूं नये. अमेरिकेंतील नियमांमुळें १९६७ च्या अखेरीस तें काढून टाकावें लागलें. त्या गाडीचे चाहते आवरण असलेली गाडीच अधिक सुंदर मानतात, आणि तें खरें आहे. पण तिरप्या आवरणांतून जातांना कांहीं प्रकाश वांया जातो व कांहीं भलतीकडे फांकतो, हेंही तितकेंच खरें आहे. सौंदर्य आणि उपयोग यांचा तंटा प्रत्येक वेळीं सामोपचारानें मिटतोच असें नाहीं.

जर्मनींतील पोर्श कारखान्याचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. त्याची '९११' ही गाडी १९६४ सालापासून विक्रीस आली, आणि उभे वाटोळे दिवे हीच तिची ओळख झाली. १९९० नंतर कारखान्याची आर्थिक स्थिति फार खालावली. तेव्हां खर्च वांचविण्यासाठीं १९९७ सालीं आलेल्या नव्या ९११ गाडीस बॉक्स्टर नांवाच्या स्वस्त गाडीचाच पुढील भाग बऱ्याच अंशीं देण्यांत आला. मुख्य दिवा आणि वळण दाखविणारा पिंवळा दिवा हे एकाच आवरणांत बसविले, त्यामुळें जोडणी सोपी व स्वस्त झाली. परंतु तो पिंवळा भाग खालीं ओघळल्यासारखा दिसे, म्हणून लोकांनीं त्या दिव्यांस 'तळलेलें अंडें' असें नांव ठेविलें. पुढें २००४ च्या आवृत्तींत वाटोळे दिवे परत आले, आणि टीकाकारांस आपला जय झालासें वाटलें. मात्र ज्या काटकसरीची टवाळी झाली, तिनेंच कारखाना सांवरण्यास मोठा हातभार लाविला होता, हें ते विसरले. एखाद्या रूपाला हंसणें सोपें आहे. त्या रूपामागील हिशेब पाहणें अवघड आहे. वादपटु विद्यार्थ्यांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.

अलीकडचीं दोन उदाहरणें देऊन पुढें जाऊं. बेंटली काँटिनेंटल जी. टी. या गाडीस २००३ सालापासून प्रत्येक बाजूस दोन वाटोळे दिवे असत. २०२४ सालीं आलेल्या चौथ्या आवृत्तींत प्रत्येक बाजूस एकच दिवा आला, व त्यावर भुंवईसारखी आडवी प्रकाशरेषा. परंपरा मोडली म्हणून पुष्कळ हळहळले ; परंतु १९५० नंतरच्या दशकांतील बेंटली गाड्यांसही बाजूस एकेकच मुख्य दिवा असे. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतों, ती कित्येकदां आपल्या आठवणीएवढीच लांब असते ! दुसरें उदाहरण बी. एम्. डब्ल्यू.चें. २०२२ सालीं तिच्या सात क्रमांकाच्या मालिकेंतील नव्या गाडीचे, आणि एक्स्. एम्. नांवाच्या बलाढ्य गाडीचे दिवे दुभागण्यांत आले : वर दिवसा दिसावी अशी बारीक प्रकाशपट्टी, आणि खालीं काळसर खोबणींत रस्ता दाखविणारा खरा दिवा. हवें असल्यास सात क्रमांकाच्या गाडीच्या वरच्या पट्टींत स्फटिकही बसवून मिळूं लागले. येथें एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट घडली आहे. जो दिवा काम करितो तो लपला, आणि जो दिवा मिरवितो तो पुढें आला.

शोभेच्या पक्षाचें म्हणणें मात्र नीट ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, देवळाचा कळस किंवा चर्चचा मनोरा हाही पावसापासून बचाव करण्यापुरताच असता तर उंच बांधण्याचें प्रयोजन काय होतें ? माणूस उपयोगावरच जगत नाहीं. अंधारांत दुरून नुसत्या दिव्यांवरून गाडी ओळखतां येणें, यांत एक निरागस आनंद आहे. २००० सालीं बी. एम्. डब्ल्यू.नें आपल्या पांच क्रमांकाच्या मालिकेंत दिव्यांभोंवतीं प्रकाशाचीं कडीं दिलीं, तीं इतकीं लोकप्रिय झालीं कीं लोक त्यांस देवदूताचे डोळे म्हणूं लागले. शिवाय युरोपांत २०११ सालापासून मोटारींच्या नव्या नमुन्यांस दिवसाही दिसतील असे दिवे सक्तीचे झाले. हे दिवे मुळांत अपघात टाळण्यासाठीं आले, पण त्यांनींच कलावंतास नवें साधन दिलें. हें सर्व मला मान्य आहे. शोभा हें पाप नव्हे. ज्यानें रानांतील फुलांस रंग दिले, त्याला शोभेचा तिटकारा असेल असें मानण्यास आधार नाहीं.

आणि शोभा व उपयोग यांचा उत्तम मेळ बसूं शकतो, याचा दाखलाही आहे. तो पुढील दिव्यांत नसून मागील दिव्यांत आहे. मर्सिडीस-बेंझ कारखान्यानें १९७१ सालीं आणिलेल्या आपल्या एस्. एल्. गाडीस मागील बाजूस आडव्या खांचा असलेले दिवे दिले. प्रथमदर्शनीं त्या खांचा नुसत्या नक्षीसारख्या दिसतात. पण त्यांतील युक्ति अशी कीं, पावसांत व चिखलांत गाडी धांवतांना चिखल उंचवट्यांवर बसतो आणि आंत गेलेल्या खोबणी स्वच्छ राहतात. त्यामुळें मागच्यास दिवा दिसत राहतो. बेला बारेनी या अभियंत्याची ही कल्पना. नक्षी तीच आणि रक्षणही तेंच ! पुढें कित्येक वर्षें त्या खांचा मर्सिडीसची ओळख होऊन राहिल्या. कोणी मला सर्वांत सुंदर मागील दिवा कोणता असें विचारील, तर मी याच दिव्याकडे बोट दाखवीन.

विद्यार्थ्यांच्या वादांत मागील दिव्यांस दुय्यम स्थान मिळतें, ही मला खेदाची गोष्ट वाटते. कारण पुढील दिवा बराचसा आपल्यासाठीं असतो, मागील दिवा सर्वस्वी दुसऱ्यासाठीं असतो. गाडी चालविणाऱ्यास तो दिसतही नाहीं. इटलींतील मॅसेराटी कारखान्यानें १९९८ सालीं आपल्या ३२०० जी. टी. गाडीस बूमरँगच्या आकाराचे, एल्. ई. डी.चे मागील दिवे दिले. त्या आकारावर लोक भाळले, आणि नंतरच्या गाडींत ते काढून साधे दिवे आले तेव्हां हळहळले. परंतु त्या दिव्यांतील खरा लाभ आकारांत नव्हता. जुन्या दिव्यांतील तार तापून उजळण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद अधिक लागतो, एल्. ई. डी. जवळजवळ तत्क्षणीं उजळतो. गणिताच्या वर्गांतील मुलांनीं हिशेब करून पाहावा : ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारे २८ मीटर जाते, म्हणजे एक पंचमांश सेकंदांत साडेपांच मीटर. मागच्या चालकास इशारा साडेपांच मीटर आधीं मिळाला, तर एखादें कुटुंब सुखरूप घरीं पोंचूं शकेल. या साडेपांच मीटरांचें सौंदर्य कोणत्याही चित्रांत दिसत नाहीं.

अशींच आणखी दोन उदाहरणें आहेत. अमेरिकेंत १९८६ च्या नमुन्यांपासून मोटारींस मागें मध्यभागीं उंचावर तिसरा थांब-दिवा सक्तीचा झाला. तो दिसावयास मुळींच आकर्षक नव्हता, आणि पुष्कळांनीं त्यावर नाकें मुरडलीं. परंतु दीर्घ पाहणीअंतीं, मागून आदळण्याचे अपघात त्यामुळें सुमारे ४ टक्क्यांनीं कमी झाले असें तेथील सरकारी खात्यास आढळलें. दुसरें उदाहरण रंगाचें. वळण दाखविणारा मागील दिवा युरोपांत पिंवळाच असावा लागतो ; अमेरिकेंत तो तांबडाही चालतो, व तांबड्या रंगाची अखंड पट्टी अधिक शोभिवंत दिसते म्हणून कांहीं कारखाने तेथें तांबडाच ठेवितात. परंतु थांब-दिवाही तांबडा आणि वळण-दिवाही तांबडा, मग मागच्यानें ओळखावें कसें ? पिंवळ्या दिव्यामुळें वळणाऱ्या गाडीवर मागून आदळण्याचें प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनीं घटतें, असें त्याच खात्यानें २००९ सालीं दाखवून दिलें. शंभरांत पांच ही संख्या लहान दिसते. त्या पांचांत आपला माणूस असेल तर ती लहान राहत नाहीं.

'दिव्याखालीं अंधार' ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. नव्या मोटारींनीं तिला नवा अर्थ दिला आहे. दिवसाचे दिवे आपोआप लागतात, गाडींतील फलकही उजळलेला असतो, म्हणून सर्व दिवे लागले आहेत असें चालकास वाटतें. पण पुष्कळ गाड्यांत त्या वेळीं मागील दिवे बंदच असतात. पुढून लखलखाट आणि मागून काळोख, अशी गाडी रात्रीं रस्त्यावरून भुतासारखी धांवते. कॅनडा सरकारनें या प्रकाराची दखल घेऊन सप्टेंबर २०२१ पासून तेथील नव्या वाहनांपुरता नियम केला कीं, पुढील दिव्यांबरोबर मागील दिवेही लागावे, किंवा अंधार पडतांच सर्व दिवे आपोआप लागावे, किंवा निदान फलक काळा राहून चालकास जाणीव व्हावी. पुढें चकाकावें आणि मागें काय दिसतें याची फिकीर करूं नये, ही संवय माणसांतही आढळते. ती यंत्रांत उतरली यांत नवल नाहीं.

आतां समोरून येणाऱ्या माणसाकडे वळूं. नव्या दिव्यांचा प्रकाश जुन्या दिव्यांहून पांढरा असतो व त्यांत निळ्या छटेचा अंश अधिक असतो. तरुण डोळ्यांस तो स्वच्छ वाटतो. परंतु उतारवयांत डोळ्यांतील भिंग गढूळ होऊं लागतें, प्रकाश आंतल्या आंत पसरतो, आणि समोरचा रस्ता कांहीं क्षण नाहींसा होतो. त्यांतून गाडी उंच असेल तर तिचे दिवे नेमके लहान गाडीच्या चालकाच्या डोळ्यांवर येतात. 'माझ्या गाडीचे दिवे किती दूर फेंकतात !' असें मालक अभिमानानें सांगतो, तेव्हां ते कोणाच्या डोळ्यांत फेंकतात हेंही त्यास विचारलें पाहिजे.

येथें आधुनिक विद्येची एक स्तुति केल्यावांचून राहवत नाहीं. २०१३ सालीं ऑडी कारखान्यानें आपल्या ए-८ गाडींत असे दिवे आणिले कीं, ज्यांत अनेक लहान दिवे स्वतंत्रपणें चालूं-बंद होतात. कॅमेऱ्यानें समोरची गाडी पाहिली कीं प्रकाशाच्या झोतांतील तेवढाच भाग मंद होतो. बाकीचा रस्ता उजळलेलाच राहतो. म्हणजे आपणांस पूर्ण दिसतें आणि समोरच्यास त्रास होत नाहीं. अमेरिकेनें या जातीच्या दिव्यांस २०२२ सालीं परवानगी दिली. मला तर असें वाटतें कीं, महागड्या गाड्यांच्या दिव्यांत जर कांहीं खरोखर उच्च कुळाचें असेल तर तें हेंच : सर्वांत सामर्थ्यवान् दिवा समोर माणूस दिसतांच आपली नजर खालीं घेतो. डोळे वटारणें हें सामर्थ्याचें लक्षण आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं या दिव्यापासून शिकावें.

खर्चाची बाजू थोडक्यांत सांगतों. पूर्वीं दिवा बिघडला तर आंतील बल्ब बदलला कीं काम होई. आज पुष्कळशा महागड्या गाड्यांत संपूर्ण संचच बदलावा लागतो, आणि एका संचाची किंमत कित्येकदां चांगल्या दुचाकीच्या किंमतीहून अधिक भरते. ज्याला परवडतें त्यानें तो बसवावा. पण शोभेसाठीं दुरुस्ती अशक्य करून ठेवणें हें कारागिरीचें भूषण नव्हे.

कोणी म्हणेल, या गाड्या परदेशच्या आणि श्रीमंतांच्या. आमच्या गांवांत याचें काय? तर हें पाहा. पुण्याजवळ चाकण येथें मर्सिडीस-बेंझ गाड्या जोडल्या जातात, आणि वाहनांची व त्यांच्या दिव्यांचीही परीक्षा करणारी संस्था १९६६ पासून पुण्यांतच आहे. आपल्यापैकीं कित्येक मुलें उद्यां अशाच ठिकाणीं कामास लागतील. याहून जवळची गोष्ट म्हणजे अनुकरण. महागड्या गाडीच्या दिव्याची ऐट पाहून आपल्या रस्त्यांवर कोणी दुचाकीस डोळे दिपविणारा पांढरा दिवा बसवून घेतो, कोणी मागील दिव्यावर काळी फिल्म चिकटवितो. नियमांस हें धरून नाहींच. पण नियमाची गोष्ट बाजूस ठेविली तरी त्याचा अर्थ काय होतो? पहिल्यानें समोरच्यास आंधळें केलें, आणि दुसऱ्यानें मागच्यास. आपल्या ट्रकांच्या पाठीवर रात्रीं डिपर वापरण्याची विनंति रंगविलेली असते. ती रंगविणाऱ्या माणसानें शिल्पशास्त्राचा अभ्यास केलेला नसेल, परंतु दिवा कोणासाठीं असतो हें त्याला कळलेलें होतें.

पालकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, मुलांच्या या वादास हंसूं नये. त्यास वळण द्यावें. मुलगा एखाद्या गाडीच्या दिव्यांची वाखाणणी करूं लागला, तर त्यास तीन प्रश्न विचारावे. या दिव्यानें चालकास रस्ता नीट दिसतो काय ? समोरून सायकलीवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसास तो सोसवतो काय ? आणि पावसांत मागून येणाऱ्यास त्यावरून गाडी थांबते आहे कीं वळते आहे, हें तत्काळ कळतें काय ? तिन्ही प्रश्नांचें उत्तर 'होय' असेल, तर मग दिवा वाटोळा असो, तिरपा असो, कीं दुभागलेला असो, त्यावर खुशाल वाद घालावा. तेथें आवडीनिवडीचें राज्य आहे आणि प्रत्येकास तेथें मत आहे. एकाचेंही उत्तर 'नाहीं' असेल, तर तो दिवा कितीही देखणा असला तरी कुरूप समजावा.

डोंगरावरील प्रवचनांतील दिव्याचा दृष्टांत आपल्या शाळेंत सर्वांनीं ऐकलेला आहे. त्यांतील दिवा दिवठणीवर ठेवितात तो त्या घरांतील सर्वांसाठीं. घरधन्याचें कौतुक व्हावें म्हणून नव्हे. मोटारीचा दिवाही याच न्यायानें पाहिला पाहिजे. तो गाडीवर बसविलेला असतो आणि त्याची किंमत मालकानें दिलेली असते, हें खरें. पण त्याचा प्रकाश रस्त्यावर पडतो, आणि रस्ता सर्वांचा आहे.